खिडक्यांची तारीख

“हेमाताई, हा गेटपास कसला?”

मुजावर वकीलबाईंनी माझ्या फायलीतून एक गुलाबी चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. जुनी, टाचणीचा गंज लागलेली. ती फायलीत आली होती ती निव्वळ माझ्या स्वभावामुळं. मी मुळात भित्री बाई. कोर्टात जायचं म्हटल्यावर त्या कामाचा घरात जो जो कपटा सापडला, तो वाचता न वाचता गोळा करून आणला होता.

“साइटच्या वॉचमननं दिलेला असणार,” मी म्हणाले. “हत्यारं बाहेर काढताना देतात तो.”

“वाचा.”

‘ड्रिल मशीन दोन, कटर एक, शिडी एक बाहेर. खिडक्यांचे काम पूर्ण.’ खाली साइटचा गोल शिक्का, माझ्या सासऱ्यांची, अण्णांची सही आणि तारीख, वीस सप्टेंबर. साल तीन वर्षांपूर्वीचं.

“आता हे बिल बघा. काम पूर्ण, तीस सप्टेंबर. सही यांचीच. यातलं खरं कुठलं?”

“दहा दिवस इकडं तिकडं,” मी हसून म्हणाले. “त्यानं काय होतंय?”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बोट केलं. त्या दिवशीही वीस सप्टेंबर होती.

आमचा कुपवाडला ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड. बिल्डर उदयसिंह निकम यांच्या एका इमारतीच्या चौसष्ट खिडक्या आम्ही बसवल्या होत्या आणि सुरुवातीची उचल सोडली तर त्यांनी एक रुपया दिला नव्हता. शेड पतसंस्थेकडं गहाण होती आणि पतसंस्थेनं जप्तीची नोटीस लावली होती. निकमांवरचा दावा तेवढा एकच आमच्या हातात होता. तो चालू आहे असं दाखवलं तर पतसंस्था थांबणार होती.

“पैशाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत,” बाई सावकाश सांगू लागल्या, लहान मुलाला सांगावं तसं. “ती काम संपल्यापासून मोजतात, बिलापासून नाही. मी बिलावर विश्वासून तीस तारीख धरली. तुम्ही म्हणालात अण्णांना पितृपक्षात नवं काही करायचं नाही, घटस्थापनेला, अठ्ठावीसला दावा लावू. मी म्हटलं चालेल, दोन दिवस हातात राहतात. पण हा कागद खरा असेल तर मुदत आज संपते.”

“आज म्हणजे?”

“साडेचारला. कागद घ्यायची वेळ तेवढीच.”

मी वर पाहिलं. घड्याळात पावणेबारा झाले होते. मनात पहिलं जे आलं तेच तोंडातून बाहेर पडलं. “हा कागद फाडून टाकला तर?”

“त्याची कार्बन कॉपी त्यांच्या रजिस्टरला आहे. तीस तारीख लिहून दावा लावला तर पहिल्याच तारखेला ते रजिस्टर पुढं करतील आणि आपण खोटं बोललो हेही सिद्ध होईल. निकमांनी बाकी मान्य असल्याचं कधी लिहून दिलंय? चार ओळी, एखादी चिठ्ठी? त्यानं मुदत वाढते.”

“नाही. सगळं फोनवर.”

“शेवटचा फोन कधी?”

“रविवारी. म्हणाले, वहिनी, अण्णा पितरं पाळणारा माणूस. आता घाई नको. घटस्थापनेला या, चेक तयार ठेवतो.”

 बाईंनी चष्मा काढून पुसला. मग माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. निकमांच्या गेटचं रजिस्टर निकमांच्याच कपाटात होतं. त्यांना तारीख ठाऊक होती. आमच्या घरातली सोवळी-ओवळीसुद्धा त्यांना पाठ होती, आणि तीच पुढं करून ते आम्हांला दहा दिवस गोडीगोडीत बसवून ठेवत होते.

“मी तारीख बदलून नवा मसुदा टाइप करून घेते, स्टॅम्पचं बघते,” बाई म्हणाल्या. “पण दावा मालकाच्या, म्हणजे अण्णांच्या नावावर आहे. सही त्यांची लागणार आणि शपथेवर सांगायला तेच कोर्टात उभे राहायला हवेत. चारच्या आत त्यांना आणा.”

मी जिन्यातच घरी फोन लावला. नवऱ्यानं उचलला.

“अहो, निकमांच्या खिडक्या कधी बसल्या?”

पलीकडून मंत्रांचा आवाज येत होता.

“का गं?”

“कधी बसल्या ते सांगा.”

“बिलावर असेल की,” दिगंबर म्हणाला आणि फोन ठेवला.

त्या कामाच्या वेळी मी माहेरी होते, धाकट्या मुलीच्या बाळंतपणाला. मला त्या तारखेतलं काही ठाऊक असायचं कारणच नव्हतं. पण दिगंबरला होतं. त्यानं स्वतः खिडक्या बसवल्या होत्या. आणि तो मला बिल बघायला सांगत होता. मिरजेपासून कुपवाडपर्यंत स्कूटी चालवताना दोनदा मी रस्त्याच्या कडेला थांबले.

घरी त्या दिवशी अण्णांच्या वडिलांची तिथी होती. सोप्यात गुरुजी बसलेले, समोर पिंड, दर्भ, काळे तीळ. अण्णा ओल्या पंच्यात उघड्या अंगानं बसले होते. सत्तरीचा माणूस, पण खांदे अजून सुताराचे. दिगंबर दाराच्या चौकटीला काठी टेकवून उभा होता. ज्या वर्षी त्या खिडक्या बसल्या, त्याच वर्षी मार्गशीर्षात तो जयसिंगपूरला दुसऱ्या मजल्याच्या छज्ज्यावरून पडला. डावा पाय वाचला, पण आखूड झाला. शिडी चढायचं काम तेव्हापासून बंद झालं.

गुरुजींसमोर बोलायचं नसतं हे मला कळत होतं. पण कळून काय उपयोग, घड्याळ तर चाललं होतं. मी चिठ्ठी अण्णांच्या पुढ्यात ठेवली.

“अण्णा, ही सही तुमची का?”

त्यांनी चिठ्ठी उचलली नाही. वाकून नुसती पाहिली. मला वाटलं होतं ते म्हणतील, ही कसली. ते म्हणाले, “ही कुठनं काढलीस?”

 म्हणजे ती खरी होती.

मी जे कळलं होतं ते सगळं सांगितलं. मुदत, साडेचार, निकमांचं रजिस्टर. अण्णा ऐकत होते की नाही कोण जाणे. सगळं सांगून झाल्यावर ते गुरुजींना म्हणाले, “चालू द्या तुमचं.”

“अण्णा!”

“माझ्या हातनं पितरांत कधी चौकट बसलेली न्हाई. पन्नास वर्सं झाली धंद्याला. बिलावर लिवलंय ते खरं.”

“मग ही सही?”

“न्हाई म्हंतो न्हवं मी.”

मी दिगंबरकडं पाहिलं. तो फरशीकडं पाहत होता. आयुष्यात मी सासऱ्यांपुढं आवाज चढवला नव्हता. डोक्यावरचा पदर ढळला तर कानकोंडी व्हायचे. त्या दिवशी मी ओरडले. “अण्णा, शेड जाईल! पोरींना घेऊन कुठं जाऊ मी? एक सही करायची तुम्हांला, एक! तीसुद्धा खरी!”

 गुरुजींनी हातातले तीळ ताटात टाकले.

“अण्णा,” ते म्हणाले, “पिंड झालेत. तर्पण झालंय. राहिला कावळा. तो कधी शिवायचा तेव्हा शिवेल, त्याला काही साडेचारची मुदत नाही. पितरांचं मी बघतो. तुम्ही उठा.”

अण्णा तरीही लगेच उठले नाहीत. सव्वातीन होऊन गेले तोवर ते भिंतीला टेकून बसले होते, आणि मी त्यांच्यासमोर उभी होते. मग एकदम त्यांनी खुंटीवरचा शर्ट ओढला, तसाच पंच्यावर चढवला आणि अनवाणीच स्कूटीवर मागं येऊन बसले. वाटभर त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता.

कोर्टाच्या आवारात पोचलो तेव्हा चारला दहा कमी होते. मुजावरबाई पायऱ्यांवरच उभ्या होत्या. कागद तयार होते. ओळ न् ओळ बदलून त्यांनी तिथं वीस सप्टेंबर घातली होती. अण्णांनी पानापानावर सह्या केल्या, त्या मुकाट्यानं केल्या. मला जरा हायसं वाटलं. अडलं ते शपथ घ्यायच्या टेबलापाशी.

टेबलामागचा कारकून सवयीच्या आवाजात वाचत होता. “मी, ज्ञानदेव रामू सुतार, राहणार कुपवाड, शपथेवर सांगतो की, सदर काम मी दिनांक वीस सप्टेंबर रोजी पूर्ण केले. हे खरं आहे?”

अण्णांनी हात मागं घेतला.

“आजोबा, खरं आहे का?”

अण्णा वकीलबाईंकडं वळले. “ताई, तीस घाला की. तेवढं तीस घाला. बाकी मी सगळं कबूल करतो.”

“अण्णा, तीस घातलं तर त्यांचं रजिस्टर आपल्याला खोटं पाडेल, आणि मग दावा गेला.”

“मग जाऊ द्या.”

मागं रांगेत चार माणसं होती. त्यातला एक घड्याळ बघून ‘च्च’ म्हणाला. कारकुनानं पेन खाली ठेवलं. चार वाजून बारा मिनिटं झाली होती.  मी अण्णांचा दंड धरला आणि त्यांना दोन पावलं बाजूला घेतलं.

“का नाही म्हणता? कुणाला भिता? निकमांना?”

त्यांनी मान हलवली. मग जे बोलले ते इतकं हळू, की मला कान त्यांच्या तोंडाशी न्यावा लागला.

“हेमा, दिगू पडला तो त्या खिडक्यांपायी.”

मला काही कळेना.

“निकम घाई करत हुता. बँकेचा माणूस बघायला येनार, म्हनला. मी म्हनलं पितरं हायती, चौकट बसवायची न्हाई. दिगू म्हनला, अण्णा, पार्टी मोठी हाय, मोडू नका. बसवल्या. मग बिल करताना माझा जीव धजंना. घटस्थापना त्या वर्सी तीसला हुती, तीच घातली. म्हनलं, कागदावर तरी चुकायला नको. तर दोन म्हयन्यांत पोरगं पडलं.” त्यांनी टेबलाकडं बोट केलं. “देवाम्होरं हात लावून सांगायचं की मी पितरांत काम केलं? म्हंजे पोराचा पाय मीच मोडला, असं सांगायचं?”

तीन वर्षं. दिगंबरच्या पायाला तेल चोळताना हा माणूस कधी त्या पायाकडं पाहायचा नाही, तोंड फिरवून चोळायचा. मला वाटायचं, बापाला सोसत नसेल.

आजची मी असते तर त्यांना चार शब्द मायेचे बोलले असते. तेव्हा नाही बोलले. तेव्हा मला फक्त घड्याळ दिसत होतं. “ते घरी बघू,” मी म्हणाले. आवाज माझा मलाच दगडासारखा लागला. “आत्ता त्या टेबलापाशी चला आणि हो म्हणा. नाहीतर दिगंबरचा पाय गेला तो गेलाच, शेडही जाईल, आणि तेही तुमच्यामुळंच.”

ते वाक्य मी बोलले. परत घ्यायची सोय नाही.

अण्णा माझ्याकडं बघत राहिले. मग टेबलापाशी गेले.

“व्हय,” ते म्हणाले, आणि कारकुनाला पुरेलसं नव्हे तर साऱ्या व्हरांड्याला ऐकू जाईलसं म्हणाले. “वीस तारीख. पितरांत. म्या बसवल्या.”

मुजावरबाई कागद घेऊन अक्षरशः पळाल्या. त्या बाईंना मी तोवर कधी चालतानाही घाईत पाहिलं नव्हतं. चार वाजून चोवीस मिनिटांनी शिक्का पडला आणि दाव्याला नंबर मिळाला. मी आवारातल्या लिंबाखाली फतकल मारून बसले आणि रडले. अण्णा शेजारी उभे होते, अनवाणी, पंच्यावर शर्ट. येणारे-जाणारे आमच्याकडं बघत होते. एका बाईनं मला विचारलंही, काय गं, निकाल विरोधात गेला काय?

पुढचं थोडक्यात सांगते. दुसऱ्या दिवशी निकमांचा फोन आला. सुरुवातीला ‘वहिनी’ होतं. दावा काल दाखल झाला म्हटल्यावर फोन बंद झाला. त्यांच्या वकिलानं मुदत संपल्याचा मुद्दा घेतला, गेटचं रजिस्टरही आणलं, आणि आमचाच गेटपास त्याच्याशी जुळला, दावा शेवटच्या दिवसात बसला. सगळी रक्कम काही मिळाली नाही. चार वर्षांनी तडजोड झाली आणि त्यात पतसंस्था भागली. शेड आजही आमची आहे.

पण मला सांगायची आहे ती त्या संध्याकाळची गोष्ट.

घरी आलो तेव्हा दिवेलागण व्हायची होती. पोरी शेजारी खेळत होत्या. गुरुजी कधीच गेले होते, पानं तशीच झाकून ठेवली होती. दिगंबर बाजेवर बसला होता. मी त्याला नंबर मिळाल्याचं सांगितलं. तो “बरं झालं” म्हणाला. अण्णा आत गेले नाहीत. तिथंच, त्याच्या समोर, जमिनीवर बसले.

“दिगू, आज म्या कोर्टात सांगितलं. पितरांत बसवल्या म्हनून.”

“हं.”

“तुझा पाय त्यापायी गेला. माझ्यापायी. तीन वर्सं तुला सांगायचं हुतं.”

दिगंबरनं काठी उचलली, परत ठेवली. मला वाटलं, आता तो म्हणेल, काहीतरीच काय अण्णा. मी ते वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला अगदी आतुर झाले होते. स्वतः म्हणायला तयार होते.

“मला ठाऊक होतं,” तो म्हणाला.

“काय ठाऊक हुतं?”

“तुम्ही स्वतःला लावून घेतलंय ते. पहिल्या दिवसापासनं ठाऊक होतं. दवाखान्यात तुम्ही माझ्या पायाकडं बघितलं नाही, तेव्हाच कळलं.” त्यानं अण्णांकडं पाहिलं. “अण्णा, त्या दिवशी मी बेल्ट बांधला नव्हता.”

अण्णांची मान वर आली.

“सेफ्टी बेल्ट होता माझ्याकडं. पिशवीत. दोन मिनिटांचं काम, कोण बांधत बसतंय म्हटलं. दवाखान्यात सगळे विचारत होते कसा पडलास, कसा पडलास. आणि तुम्ही कोपऱ्यात बसून पितरं पितरं पुटपुटत होता. मी म्हटलं, असू दे. तुमच्यावर गेलं तर माझ्यावर नाही येणार.” त्याचा आवाज फाटला. “सकाळी हिचा फोन आला तेव्हासुद्धा मी बिल बघ म्हणालो. तारीख निघाली की सगळंच निघणार म्हणून.”

दिवसभर मी कोर्टाच्या घड्याळाला भीत होते. त्या क्षणी मला माझ्या नवऱ्याची भीती वाटली. दहा वर्षं मी ज्याच्याशी संसार केला, तो आपल्या बापाला तीन वर्षं तसा जळताना बघत बसला होता. आज सकाळी त्यापायी शेडही गेली असती, तरी तो गप्पच राहिला असता की काय, हा प्रश्न माझ्या मनात आला, आणि तो मी त्याला आजतागायत विचारलेला नाही.

 मला वाटलं अण्णा उठून निघून जातील, किंवा त्याला मारतील. दोन्ही मला चाललं असतं. त्यांनी हात पुढं केला आणि दिगंबरच्या त्या पायावर ठेवला, घोट्यापाशी, जिथं हाड वाकडं जुळलंय तिथं. आणि त्याकडं बघितलं. नीट, खाली वाकून, खिडकीचा सांधा बघावा तसं बघितलं.

“पिशवीत हुता व्हय बेल्ट?”

“हो.”

“तीन वर्सं हुत आली की रं.”

“हो अण्णा.”

अण्णांनी डोळे पुसले. पुसता पुसता त्यांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला नेमकं सांगता येणार नाही, हसू म्हणावं तर हसू नव्हतं.

“मुदतीत बोललास, बाबा,” ते म्हणाले. “थोडं आधी बोलला असतास तर बरं झालं असतं, पन मुदतीत बोललास.”

मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “हेमा, वाढ आता. पोरींनाबी बोलाव.”